सोनेरी काठाचा कप

दुष्काळाच्या साली मी अकरा वर्षांची होते. त्या साली फाट्यावरच्या हॉटेलात मी चुकीचा कप उचलला.

हॉटेल म्हणजे काय, चार बल्ल्या, वर पत्रा, एक भट्टी आणि तीन बाकडी. मुदखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा सरकारी दुष्काळी काम निघालं होतं. माय तिथं खडी फोडायची. बाप त्याआधीच गेला होता, म्हणून मी दिवसभर मायजवळच असायचे. दुपारी सुकडी मिळायची, ती मी खायचे. संध्याकाळी काम सुटलं की मायला चहा लागायचा. पोटात काही नसलं तरी चालेल, पण चहा पाहिजे. सगळा फाटा त्या हॉटेलवाल्याला दाजी म्हणायचा.

आमच्या चहाची रीत ठरलेली होती. हॉटेलच्या मागच्या कुडाला एक फळी ठोकली होती. तिच्यावर बौद्धवाड्याचे चार कप पालथे घातलेले असायचे. कान तुटलेले, चिरा गेलेले. आपला कप आपण उचलायचा, दाजीसमोर हात लांब करून धरायचा. तो वरून चहा ओतायचा. मग मागं येऊन जमिनीवर उकिडवं बसून प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि परत फळीवर पालथा घालायचा. त्या साली पाण्याची बोंब होती. माय चिमूटभर राखेनं कप घासायची आणि पदरानं पुसून ठेवायची.

त्या दिवशी फळीवर एकही कप नव्हता. आमच्यातलेच चार जण आधी येऊन चहा पीत बसले होते. माय म्हणाली, "थांब जरा, रिकामा होऊ दे." मी थांबले नाही. पुढच्या बाकड्यावर एक रिकामा कप कोणीतरी ठेवून गेलं होतं. पांढरा, त्याच्यावर निळं फूल, कान शाबूत. मायला द्यावा म्हणून मी तो उचलला.

"ए! ठिव ते! कुणाची हाय गं ही पोरगी?"

बाकड्यांवरची माणसं बोलायची थांबली. माय मागून धावत आली. दाजीनं काही करायच्या आत तिनंच माझ्या पाठीत धपाटा घातला.

"चुकलं दाजी. लेकरू हाय."

"लेकरू हाय तर हात बांधून आण. बाटविला न्हवं कप? आता त्यातून कोन पेणार?"

बाकड्यावरून एक जण म्हणाला, "फोडून टाका, दाजी." दाजीनं कपाकडं पाहिलं. नवा होता. धर्म जायला नको आणि कपही फुटायला नको, अशी त्याची पंचाईत झाली. मग त्यानं तोड काढली. "ने, तुमच्या फळीवर ठिव त्यो. आन तू नाक घास हितं."

मायनं नाक घासलं. भट्टीसमोर, सगळ्यांच्या देखत. उठली तेव्हा तिच्या नाकाला माती लागली होती आणि एक बारीक खडा चिकटला होता. बाकडी परत बोलायला लागली.

मी तेव्हा काय करत होते, ते सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. मी कपाकडं बघत होते. एवढा चांगला कप आता आमचा झाला म्हणून मला आनंद झाला होता. अख्खा दुष्काळ मी त्या निळ्या फुलाच्या कपातून मायचा उरलेला चहा प्याले. माय कधीच त्यातून प्याली नाही. ती आपला कान तुटलेलाच घ्यायची. आई आहे, चांगली वस्तू लेकीला देते, असं मी समजत होते.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. माय म्हणायची, "देव सुटले तशी ती फळी बी सुटंल. तू शिक." मी शिकले. नांदेडला वसतिगृहात राहिले, दोन साड्यांवर कॉलेज केलं, परीक्षा दिल्या. लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथं पुरवठा शाखेत कारकुनाची नोकरी लागली.

नव्या जिल्ह्याचं सगळंच नवं होतं. जुन्या जिल्ह्यातून लाल रुमालात बांधलेलं दप्तर ट्रकनं यायचं. टेबलं कमी, माणसं जास्त. पहिले काही दिवस आम्ही गठ्ठ्यांवर बसून काम केलं. मला ते फार आवडायचं. जिथं खुर्च्यासुद्धा अजून यायच्या आहेत, तिथं जुन्या गोष्टी कशाला येतील, असं मला वाटायचं. काय अक्कल होती माझी!

ऑफिसच्या समोरच्या गल्लीत एक लहानसं हॉटेल होतं. त्याचं नाव सांगत नाही. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे. फाट्यावरच्या हॉटेलासारखं नव्हतं ते. आत पंखा, फरशीच्या टेबलांभोवती खुर्च्या, रेडिओ, बायकांसाठी पडदा लावलेली एक कोपऱ्यातली जागा. चहात वेलदोडा. बाहेर ऊन तापलेलं असताना आत शिरलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. अकरा वाजले की आमची शाखा तिथं जायची. सहा पुरुष आणि सातवी मी. पडद्यामागं मी कधी बसले नाही, सगळ्यांबरोबर बसायचे, आणि त्याचाही मला अभिमान होता.

पहिल्याच आठवड्यात आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब यांनी चहा पिता पिता विचारलं, "मॅडम, आडनावावरून काही अंदाज लागत नाही. गाव कोणतं तुमचं? पाव्हणेरावळे कोण?" मी सगळं सांगितलं. लपवायचं काय होतं? भाऊसाहेब "असं असं" म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

पुढच्या सोमवारी अण्णानं माझ्यापुढं वेगळा कप ठेवला. पातळ, पांढराशुभ्र, काठाला सोनेरी रेघ. बाकीच्यांना तेच जाड, पिवळट, कडा उडालेले.

"ह्यो खास तुमचा, मॅडम. तुमच्याबिगर कुणालाच देत न्हाई."

खोटं एक अक्षरही बोलला नाही बिचारा.

मी हुरळून गेले. हॉटेलवाल्यांच्या साखरेच्या परमिटाच्या फाइली माझ्या टेबलावरून जायच्या, म्हणून अण्णा जरा लोणी लावतोय, एवढं मला कळत होतं. पण लावेना का! फळीवरच्या कपातून प्यालेल्या पोरीला कोणी लोणी लावतंय, हे काय कमी होतं? मी मायला कार्ड टाकलं. सगळं बरं आहे, खोली मिळाली, आणि इथल्या हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी सोनेरी काठाचा वेगळा कप ठेवला आहे, तो दुसऱ्या कुणाला देत नाही. मायला वाचता येत नाही. शेजारचे गुरुजी तिला कार्ड वाचून दाखवायचे.

कार्ड पोचलं आणि आठ दिवसांत माय लातूरला आली. शनिवारी दुपारी, एका हातात भाकरीचं गाठोडं.

"अगं, कळवायचं तरी. कामून आलीस अशी अचानक?"

"त्यो कप बघू म्हणलं."

मी हसले. पोरीचं कौतुक बघायला आली, असं वाटलं. हातपाय धुतले आणि तिला घेऊन थेट अण्णाच्या हॉटेलात गेले. शनिवारचं अर्धं ऑफिस सुटलेलं होतं, आत फारसं कोणी नव्हतं. अण्णा गल्ल्यामागून उठून आला.

"या मॅडम. आईसाहेब का? या, बसा."

मी दोन चहा सांगितले. अण्णा क्षणभर तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "एकात दोन करू का? आईसाहेबांना बशीत बरं पडंल, गार होतो." आमच्याकडं एकात दोन सगळेच पितात, एकाला कप आणि एकाला बशी. मला काही खटकलं नाही. सोनेरी काठाचा कप आला. मी बशीत ओतून मायला दिलं. माय सावकाश प्याली. पिताना तिची नजर माझ्या हातातल्या कपावर होती.

चहा संपला. मायनं कप आणि बशी उचलली आणि उठून मागच्या बाजूला चालायला लागली.

"माय, ठेव ते. इथं आपण धुवायचं नसतं."

ती थांबली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेड्यातली सवय, आता अण्णा काय म्हणेल? मी अण्णाकडं पाहिलं. गिऱ्हाइकाचा चमचा खाली पडला तरी धावणारा माणूस. तो गल्ल्याजवळच्या फोटोपुढची उदबत्ती सरळ करत होता. मायला त्यानं थांबवलं नाही. तेव्हा कुठं मी मायच्या मागं गेले.

मागं मोरी होती. अण्णाची बायको बादलीत कप बुचकळून काढत होती. मायला बघून तिनं साडीचा घोळ आवरला आणि हनुवटीनं बाजूला दाखवलं. मायनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर करवंटीत राख होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. मायनं चिमूटभर राख घेतली, कप घासला, विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. तिथं कपाच्या तोंडाएवढा गोल डाग आधीच पडलेला होता. डागावर कप बरोबर बसला. त्याच्या शेजारी जर्मनचा एक चेमटलेला पेला पालथा होता. नगरपालिकेच्या झाडूवाल्या बाई, रुक्मिणबाई, रोज सकाळी त्याच पेल्यात चहा घेऊन गटाराच्या काठावर बसलेल्या मी पाहिल्या होत्या.

कप कुठं ठेवायचा, ते मायनं कुणालाच विचारलं नाही.

"फळीच हाय, बाई," ती म्हणाली. "रंग दिलेली."

मी कप उचलला. फरशीवर आपटणार होते. मायनं मनगट धरलं. खडी फोडलेला हात तो, सुटायचं नाव नाही.

"फोडू नगं. फोडलास तर ह्यो दुसरा आणील. ह्याच्याहून भारी."

"मग काय करू?"

"मला इचारतीस? मी नाक घासलं. माझ्यानं तेवढंच झालं. तू कामून शिकलीस?"

ती रागानं बोलत नव्हती. बाहेर रस्त्यावर आल्यावर ती आणखी एक बोलली. "निळ्या फुलाच्या कपातून मी कधी प्याले न्हाई. त्यो माझ्या नाकावर आलेला कप व्हता. पर तू इतकी खूश व्हतीस, मला सांगवंना. गुर्जींनी कार्ड वाचलं, तवा तेच आठवलं. म्हणलं, पोरगी पुन्हा खूश हाय."

भररस्त्यात मला रडू फुटलं. अण्णाचा राग होताच. त्याहून जास्त राग माझा मला आला. दोनदा माझा अपमान झाला आणि दोन्ही वेळा मी मनातल्या मनात नाचले होते. रविवारी मायला गाडीत बसवून दिलं. जाताना तिनं गाठोड्यातल्या उरलेल्या दोन भाकरी माझ्या हातात दिल्या.

सोमवारी अकरा वाजता आम्ही सातही जण हॉटेलात गेलो. अण्णानं ट्रे आणला. सहा जाड कप वाटले आणि सोनेरी काठाचा माझ्यापुढं ठेवला. मी तो भाऊसाहेबांपुढं सरकवला.

"आज तुम्ही घ्या यातून. तुम्ही मोठे."

भाऊसाहेब चांगले माणूस होते. टिपणी कशी लिहायची ते त्यांनीच मला शिकवलं. मला लेकीसारखी म्हणायचे. त्यांचा हात टेबलावर होता, तो खाली गेला.

"असू द्या मॅडम. तुमचा कप तुम्हालाच."

"धुतलेला आहे."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

एक जण पंख्याकडं बघत होता, एक जण बशीतल्या माशीकडं. सगळ्यांना माहीत होतं. तीन-चार आठवडे मी तो कप दोन्ही हातांनी धरून हसत होते आणि सहा माणसं ते रोज बघत होती. कपापेक्षा ते मला जास्त लागलं. एकालाही वाटलं नाही, की हिला बाजूला घेऊन सांगावं.

मी भाऊसाहेबांपुढचा जाड कप उचलला. त्यांनी अजून तोंड लावलं नव्हतं. उभ्यानं प्याले. चहा कडक होता, जीभ पोळली, तरी थांबले नाही. मग मागं गेले आणि तो कप त्यांच्या बादलीत, सगळ्या कपांत, माझ्या हातानं बुडवला.

अण्णा धावत आला. आता बरा धावला. "मॅडम, हे काय करायलाव? गिऱ्हाईक तुटंल की माझं!"

"मी कोण आहे?"

"तसं न्हाई, मॅडम. मी तर तुम्हाला सगळ्यात भारी कप देत होतो."

"भारी नको. सगळ्यांतला द्या."

त्याच आठवड्यात त्याच्या साखरेच्या परमिटाची फाइल माझ्या टेबलावर आली. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, आता बघा गंमत. अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पुडा मी परत दिला आणि फाइल तिच्या नंबरानं वर पाठवली. त्याच्या साखरेशी माझं काही भांडण नव्हतं. आणि फाइलीच्या भीतीनं दिलेला कप माझी बदली झाल्याच्या दुसऱ्या दिवशी परत खिडकीत गेला असता. भाऊसाहेबांनी मला समजावलं, "मॅडम, एवढ्या तेवढ्यावरून कशाला? चहाच तर आहे." मी म्हटलं, "हो, चहाच तर आहे. मग तुम्ही का नाही घेतला?" ते चष्मा पुसायला लागले.

मी रोज अकराला जायची थांबले नाही. ट्रेमधला हाताला येईल तो कप घ्यायचे. पंधरा दिवसांत भाऊसाहेबांनी घरून स्वतःचा कप आणला. पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरांनी बाहेरच्या कपात पिऊ नका म्हणून सांगितलं, म्हणे. मग पंख्याकडं बघणाऱ्यालाही पित्त झालं. महिन्याभरात सगळ्या शाखेला झालं. अण्णानं भिंतीला सहा खिळे ठोकले. खिळ्यांना सहा कप टांगले. कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणून प्रत्येकावर रंगानं नाव लिहिलं. अण्णाची बायको हे जास्तीचे कप धुवायला कुरकुर करते, म्हणून आता जो तो आपला कप आपण विसळतो आणि परत खिळ्याला अडकवतो. माझ्याच ऑफिसातले सहा साहेबलोक, रांगेनं, मोरीवर. ठरलेला कप नसलेली मी एकटीच.

मायला मी हे कार्डावर कळवलं. गुरुजी वाचता वाचता थांबले आणि माय पोट धरून हसली, असं त्यांनीच पुढच्या कार्डात लिहिलं.

मीही हसले होते. पण परवा हात धुवायला मागं गेले आणि खिडकीकडं लक्ष गेलं. कपाचा गोल डाग तिथंच होता. डागाशेजारी जर्मनचा पेलाही तिथंच. म्हणजे मी माझा कप सोडवला आणि रोज ऐटीत चहा प्याले, आणि रुक्मिणबाई तशाच गटाराच्या काठावर. मला एवढे दिवस तो पेला दिसला नाही. भाऊसाहेबांनाही माझा कप असाच दिसत नसेल.

काल सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी रुक्मिणबाईंच्या शेजारी काठावर बसले. त्या दचकून सरकल्या.

"उद्या अकराला माझ्याबरोबर आत चला."

"आत? मला कोन आत घेतंय, बाई? हाकलून देतील."

"मी आहे बरोबर."

"तुमची सरकारी नोकरी हाय. माझा चहा बी बंद होईल."

त्यांचं खरं होतं. त्यांनी पेल्यातला शेवटचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडं निरखून पाहिलं.

"खुर्चीवर बसायचं?"

"खुर्चीवर."

"आन ह्यो?" त्यांनी पेला पायानं माझ्याकडं सरकवला.

"हा मला द्या."

"न्या मंग. लई चेमटलाय."

पेला आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, साखरेच्या फाइलींखाली. अण्णा सकाळपासून दोनदा विचारून गेला, मॅडम, मागचा पेला पाहिला का. मी पाहिला म्हणून सांगितलं. तो परत मिळणार नाही, हेही सांगितलं. आता रुक्मिणबाईंना चहा द्यायचा, तर त्याला कपातच द्यावा लागेल.

अकराला पाच मिनिटं कमी आहेत. रुक्मिणबाई झाडू भिंतीला लावून खाली उभ्या आहेत. मी निघाले.